बंदर गेलं, सायब राहिला

जुन्या गोव्यात हल्ली सगळे मागच्या दाराने शिरतात. पणजीहून येणारी बस गांधी सर्कलशी उतरवते. समोर राखलेली हिरवळ, हिरवळीच्या दोन्ही अंगांना चर्च. फोटो काढायचे, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीकडे मान वर करून बघायचं आणि जेवणाच्या वेळेला पणजी गाठायची. या वाटेने आलेल्याला जुनं गोवं म्हणजे चार-सहा मोठी चर्च, एवढंच कळतं. हे एके काळी भरगच्च शहर होतं आणि शहराच्याही आधी बंदर होतं, हे कळायला पुढच्या दाराने यावं लागतं. पुढचं दार नदीवर आहे.

माझा मुक्काम दिवाडी बेटावर होता, म्हणून ते दार आपसूक वाट्याला आलं. दिवाडीहून फेरीबोट सुटली आणि मी कठड्याला रेलून मांडवीकडे बघत राहिलो. एक नारळाची झावळी बोटीच्या अंगावरून सरकत गेली, पण उलट्या दिशेने; समुद्राकडून डोंगराकडे. बोटीवरच्या माणसाला विचारलं, तर तो नुसता हसला आणि म्हणाला, ‘‘भरती आसा.’’

शिर्डी-राहात्याकडच्या माणसाला ही गोष्ट पचायला वेळ लागतो. आमची नदी गोदावरी, कोपरगावाला. ती एकाच दिशेने वाहते, आणि तेही धरणातून सोडलं तर. आमच्याकडे पाणी म्हणजे आवर्तन: पाटाला कधी सुटणार, किती दिवस चालणार, शेवटच्या चारीपर्यंत पोचणार का. नदीतून माल येतो, माणसं येतात, घोडे येतात, राज्यं येतात, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं. इथे मात्र नदी दिवसातून दोनदा उलटी फिरते, आणि या उलट्या फिरण्यावरच अख्खं शहर उभं राहिलं होतं. हलकी गलबतं भरती धरून वर शहरापर्यंत येत. पोर्तुगालहून येणारी अवजड जहाजं बहुतेकदा खाली मुखाजवळ नांगर टाकत आणि त्यांचा माल होड्यांतून वर चढे. लिस्बनहून मार्चच्या सुमारास निघालेला ताफा वाऱ्याने साथ दिली तर सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे पोचे. पावसाळ्यात आग्वादपाशी वाळूचा दांडा मांडवीचं तोंड अडवी, तेव्हा जहाजं मुरगावच्या आसऱ्याला जात. म्हणजे आवर्तन यांनाही होतं, फक्त ते वाऱ्याचं होतं.

बोट धक्क्याला लागते आणि चार पावलांवर कमान उभी राहते. विजरईची कमान. मराठी कागदपत्रांत पोर्तुगीज व्हाइसरॉयला विजरई म्हणत. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा इथे विजरई होऊन आला, त्याने १५९७ मध्ये पणजोबाच्या सफरीच्या शताब्दीची आठवण म्हणून ही बांधली. नदीकडची बाजू हिरवट झाकेच्या कठीण दगडाची, बाकीचा भाग तांबड्या जांभ्याचा. पाहुण्याला दिसेल ती बाजू भारी दगडाची, आतली घरच्या दगडाची, हा हिशेब तेव्हाही होता. वर कोनाड्यात वास्को नदीकडे तोंड करून उभा आहे. शहराच्या बाजूला वळून पाहिलं तर वरच्या कोनाड्यात एक स्त्री आहे, हातात तलवार आणि पायाखाली पडलेला माणूस. येणाऱ्याला दर्यावर्दी दिसावा आणि इथे राहणाऱ्याला तलवार, असा हा बंदोबस्त. नवा विजरई याच दारातून आत येई आणि शहराच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या जात. आजची कमान १९५४ मध्ये नव्याने उभी केलेली आहे. मूळची ढासळली होती.

कमानीतून आत जाणारा चढाचा रस्ता म्हणजे रुआ दिरेता, शहराचा मुख्य रस्ता. आज दोन्ही बाजूंना झाडी, एखादी भिंत, मध्येच कुंपण. हा रस्ता कसा होता ते बघायला दूरदेशीचे प्रवासी आले होते आणि चकित होऊन लिहून गेले. डच माणूस लिन्स्खोटेन १५८३ मध्ये आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून आला आणि पाच वर्षं राहिला. सण आणि रविवार सोडून रोज सकाळी या रस्त्यावर लिलाव भरे, असं तो सांगतो: अरबी घोडे, मसाले, सुगंधी डिंक, चीनचं रेशीम, मेलेल्या माणसांचं घरसामान आणि जिवंत माणसंसुद्धा. गुलामांचा बाजार आणि गालिच्यांचा बाजार एकाच रस्त्यावर. फ्रान्सचा पिरार द लाव्हाल मालदीवला जहाज फुटून, हाल भोगत १६०८ मध्ये इथे आजारी पोचला. त्याला नदीकाठच्या शाही इस्पितळात ठेवलं. तिथे चांदीच्या ताटांतून जेवण येई, आणि असं इस्पितळ जगात दुसरं नसेल असं त्याने लिहून ठेवलं. त्या इस्पितळाचा आज मागमूस नाही.

एवढी श्रीमंती आली कुठून, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे, घाटावर आहे. दख्खनच्या हवेत चांगले लढाऊ घोडे निपजत नसत. ते होर्मुझहून समुद्रमार्गे यायचे. घोडा ज्याच्या बंदरात उतरे त्याची जकात, आणि ज्याच्या पागेत जाई त्याची फौज. गोव्यात उतरलेला घोडा घाट चढून विजयनगरला किंवा विजापूरला जाई. अहमदनगरच्या निजामशाहीचं दार चौल होतं. पोर्तुगीज दोन्ही दारांत बसले. म्हणूनच १५७० मध्ये आदिलशहाने गोव्याला आणि निजामशहाने चौलला एकाच वेळी वेढा घातला. दोघांनाही हात हलवत परत जावं लागलं. बंदर घेता आलं नाही, तरी बंदराचं गिऱ्हाईक आपणच होतो.

आमच्या जिल्ह्याचं या शहराशी आणखी एक नातं आहे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. नगरच्या बुऱ्हाण निजामशहाला औषधपाणी करायला तो घाट चढून यायचा. त्याने हिंदुस्थानातल्या औषधींवर संवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये याच शहरात छापला गेला. इथे छापखाना १५५६ मध्येच येऊन पोचला होता. आंबा, हिंग, अफू, जायफळ यांच्या चर्चेत मधूनमधून निजामशहा डोकावतो. त्या ग्रंथात पटकीच्या रोग्याचं वर्णन आहे आणि ते फार बारकाईचं आहे. ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो जन्माने ज्यू घराण्यातला. बारा वर्षांनी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. चांदीच्या ताटांचं शहर हे, आणि हेही.

चढ संपला की चर्च दिसू लागतात. पहिलं मोठं ते से कॅथेड्रल. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशहाकडून शहर घेतलं तो संत कॅथरिनचा दिवस, म्हणून तिच्या नावाचं. काम १५६२ ला सुरू झालं आणि इमारत १६१९ ला उभी राहिली. पुढून बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, कारण एकच मनोरा आहे. जोडीचा १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा कोणी उभारला नाही. मनोरा पडतो तेव्हा शहराजवळ पैसा असेल तर तो वर्षभरात उभा राहतो. हा अडीचशे वर्षं पडलेलाच आहे. उरलेल्या मनोऱ्यातल्या ‘सोन्याच्या घंटे’चा आवाज मात्र भरदार आहे.

इथल्या बांधकामाची सगळी मदार जांभ्यावर. खाणीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीने चिरता येणारा. वारा लागला की घट्ट होतो. पण अंगभर मधमाशीच्या पोळ्यासारखी छिद्रं. पाऊस आत शिरू नये म्हणून त्यावर शिंपल्याच्या चुन्याचा गिलावा लागतो आणि त्याची दर पावसाळ्यानंतर डागडुजी करावी लागते. म्हणून गोव्यातली चर्च पांढरी. अपवाद बॉम जेझूचा. १५९४ मध्ये पायाभरणी आणि १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या या बासिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने काढून टाकला, दगड उघडा छान दिसतो म्हणून. दिसतो खरा. भिंतीजवळ गेलं की दिसतं, छिद्रांत शेवाळ बसलंय, कडा झिजल्यात. बोट फिरवलं तर तांबडी भुकटी बोटाला लागते.

पलीकडे सेंट कॅजेटन. इटलीहून आलेल्या थिआटिन पाद्र्यांनी सतराव्या शतकात रोमच्या सेंट पीटर्सचा आराखडा समोर ठेवून ते बांधलं. आत घुमटाखाली, ऐन मध्यावर, एक विहीर आहे. तोंड झाकलेलं. रोमच्या धर्तीचा घुमट डोक्यावर आणि कोकणी विहीर पायाखाली. चर्चच्या समोरच्या आवारात काळ्या बेसॉल्टचे कोरीव खांब आणि त्यांवर आडवी तुळई उभी आहे. मागे भिंत नाही, पुढे घर नाही, नुसती चौकट. हे आदिलशाही महालाचं दार. पुढे पोर्तुगीज विजरई त्याच किल्ल्यातल्या महालात राहत. एका राजवटीने दुसरीचं घर घेतलं, मग घर गेलं आणि दार राहिलं.

आदिलशाहीच्याही मागे जाता येतं, पण त्यासाठी दक्षिणेला जुवारीकाठी उतरावं लागतं. अकराव्या शतकात कदंब राजा पहिला जयकेशी याने जुवारीवरच्या गोपकपट्टणला राजधानी केली. तेही भरभराटीचं बंदर होतं. तेही गेलं. उत्तरेकडून आलेल्या फौजा आणि जुवारीच्या काठाशी साचत गेलेला गाळ या दोघांनी ते संपवलं, आणि व्यापार इकडे मांडवीकाठच्या एळ्याला सरकला. तेच एळें पुढे पोर्तुगिजांचं गोवा शहर झालं. म्हणजे मांडवीवरचं हे हरवलेलं बंदर जुवारीवरच्या हरवलेल्या बंदराची जागा घ्यायला आलं होतं. इथे बंदरं एकाखाली एक पुरलेली आहेत.

पश्चिमेच्या टेकडीवर सेंट ऑगस्टिनचा मनोरा आहे, आणि जुनं गोवं एकाच ठिकाणी बघायचं असेल तर ते इथे. ऑगस्टिनियन पंथाचं हे चर्च १६०२ मध्ये पुरं झालं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मपंथांचे मठ बंद केले आणि पाद्री निघून गेले. १८४२ मध्ये छत कोसळलं. १९३१ मध्ये पुढची भिंत आणि अर्धा मनोरा पडला. घंटा त्याआधीच हलवली होती; ती आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. उरलेला अर्धा मनोरा ४६ मीटर उंच आहे. खालून पाहिलं की मजल्यामागून मजले उघडे पडलेले, आतले कमानींचे तुकडे हवेत लटकलेले. पडलेल्या छपराखालची जमीन थडग्यांच्या दगडांनी भरलेली आहे. पावसाने अक्षरं पुसत चाललीत. मी एका दगडाशी वाकलो. नाव अर्धं गेलेलं, पण खालचं कुळचिन्ह स्पष्ट, शिरस्त्राण आणि ढाल. नाव पुसलं, मान राहिला.

याच अवशेषांत जॉर्जिया देशाच्या राणीची हाडं सापडली. राणी केतेवान, इराणच्या शाह अब्बासने धर्म सोडत नाही म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिला ठार केलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणून पुरले. पुरातत्त्व खात्याने उत्खननात मिळालेल्या हाडांची ओळख हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून पटवली आणि २०२१ मध्ये भारताने ती जॉर्जियाला भेट दिली. कॉकेशसची राणी, इराणची तलवार, पोर्तुगालचे पाद्री आणि मांडवीचा काठ. बंदर म्हणतात ते हे.

मग हे शहर मेलं कशाने? शत्रूने घेतलं म्हणावं, तर १५१० नंतर शत्रूला ते कधी मिळालं नाही. डचांनी मांडवीचं तोंड वर्षानुवर्षं अडवून धरलं. १६२२ मध्ये होर्मुझ गेलं, १६४१ मध्ये मलाक्का. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगर मोडलं, तेव्हाच घोड्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक संपलं होतं. १६८३ मध्ये संभाजीराजांनी जवळचं जुवे बेट घेतलं, तेव्हा खुद्द विजरईला माघार घ्यावी लागली. त्या धास्तीत त्याने झेवियरची पेटी उघडून आपला अधिकाराचा दंड संताच्या हाती ठेवला. मोगल फौज पाठीवर आल्याने राजांना वळावं लागलं आणि शहर वाचलं. पण या सगळ्यांपेक्षा जास्त माणसं एका साध्या गोष्टीने मारली. पिण्याच्या पाण्याने.

मांडवी इथे खारी आहे. भरतीबरोबर समुद्र वर येतो. पाण्यासाठी विहिरी. जमीन जांभ्याची, छिद्राछिद्रांची. घराघराशी शौचकूप आणि त्याच जमिनीत विहीर. शहर फुगत गेलं तशी घाण जांभ्यातून झिरपत विहिरींत उतरत गेली. चांगलं पाणी जवळच्या बायंगिणीच्या झऱ्याचं, ते गुलाम डोक्यावरून घागरींनी आणून दारोदार विकत. ज्याला परवडे तो बायंगिणीचं पी, बाकीचे विहिरीचं. १५४३, १५७०, १६३५ अशा साथी येत गेल्या. ओर्ताने पटकीचं इतकं बारकाईचं वर्णन केलं, ते वाचलेलं-ऐकलेलं नव्हतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहराची वस्ती दोन लाखांपर्यंत सांगतात. १७७५ पर्यंत ती दीड-दोन हजारांवर आली. समुद्राच्या वाटेवर ज्यांचं राज्य होतं त्यांना विहीर आणि संडास यांच्यातलं अंतर राखता आलं नाही.

शहाण्यांनी वेळीच पाय काढला. १६३०च्या दशकात लिन्यारिशचा काउंट असलेल्या विजरईने रायबंदर ते पणजी असा खाडीकाठच्या खाजनातून लांब बांध-रस्ता घातला होता. आजची बस त्यावरूनच येते. म्हणजे मागचं दार तेव्हाच तयार झालं. १६९५ मध्ये विजरई शहराबाहेर राहायला गेला, १७५९ मध्ये पणजीला. पोर्तुगालचा मुख्य मंत्री पोंबाल याच्या अमदानीत शहर पुन्हा वसवायचा हुकूम निघाला, पैसा ओतला, पण कामावर आलेले मजूरच आजारी पडून मरू लागले. मग उलट गंगा वाहू लागली: पडक्या वाड्यांचा दगड काढून पणजीला नेला. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पणजीची कितीतरी जुनी घरं ही या शहराची उसनवारी आहे.

तरीही जुनं गोवं रिकामं नाही. बॉम जेझूच्या दारात गर्दी होती, रांग वळून बाहेर आलेली. तामिळनाडूच्या बायका, मंगळूरचे ख्रिस्ती, वसईचं एक भलंमोठं कुटुंब, आणि हिंदू तर कितीतरी. झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. १५५४ मध्ये त्याचा देह इथे आणला. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर गोव्याच्या सोनारांनी घडवलेली चांदीची पेटी आहे. ३ डिसेंबरला फेस्त असतं. दर दहा वर्षांनी देह दर्शनाला खाली काढतात, तेव्हा इथे जत्रा लोटते. मागची २०२४-२५ च्या थंडीत झाली. इन्क्विझिशनची मागणी पोर्तुगालच्या राजाकडे करणारं पत्र याच संताचं, हेही खरं, आणि गोव्यातला हिंदू त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतो, हेही. दोन्ही सत्यं एकाच रांगेत उभी राहतात.

रांगेच्या कडेला मेणाच्या वस्तूंचं दुकान. पिवळसर मेणाचे हात, पाय, डोळ्यांची जोडी, छोटं बाळ, एवढंच नाही तर कौलारू घरसुद्धा. जे दुखतं, जे हवं, ते मेणात घेऊन सायबाला वाहायचं. एक पाय उचलून पाहिला. तळव्याची पाची बोटं नीट वेगळी काढलेली. दुकानवाल्या मावशींनी विचारलं, ‘‘खंयच्यान आयल्यात?’’

‘‘शिर्डीहून.’’

‘‘साईबाबाच्या!’’ त्यांनी हात जोडले. त्यांचा मुलगा दरवर्षी शिर्डीला येतो म्हणाल्या.

मला या शहराचं उरलेलं गणित तिथे उमगलं. शहर धक्क्यावर चालत नाही, लोकांना येण्याच्या कारणावर चालतं. इथलं पहिलं कारण माल होतं, ते गेलं आणि शहर गेलं. दुसरं कारण एका देहाच्या रूपाने शहराला पुरून उरलं, त्यावर आज दुकानं, फुलवाल्या, टॅक्सीवाले आणि माझ्यासारखे प्रवासी जगतात. आमचं गाव पहिल्यापासून या दुसऱ्या कारणावरच उभं आहे. १९१८ च्या दसऱ्याला बाबांनी देह ठेवला, नागपूरच्या बुटींच्या वाड्यात समाधी झाली आणि ज्या गावाला ना नदी ना घाट, ते गाव फुगत गेलं. आता आमचं बंदर काकडीला आहे: २०१७ पासून तिथे विमानं उतरतात. एकच कारण असलेलं गाव श्रीमंत होतं, पण तितकंच उघडंही पडतं.

त्यामुळे जुन्या गोव्यातून मी घेऊन निघालो ते पडक्या मनोऱ्यांविषयीचं हळहळणं नव्हे. श्रद्धा टिकते, ती इथे टिकलेली बघितली. संताला लोक सोडत नाहीत. पण संतामुळे विहिरीचं पाणी शुद्ध होत नाही. जुन्या गोव्यात देह १५५४ पासून होता आणि साथीही होत्याच. आमच्याकडे साठवण तलाव कालव्याच्या आवर्तनावर भरतात, लॉज दर वर्षी वाढतात, आणि ग्रामसभेत असो की नगरपालिकेत, भांडण होतं ते दुकानांच्या जागेवरून. दर्शनाला येणारा माणूस इथे कोणतं पाणी पितो आणि त्याचं सांडपाणी कुणाच्या शेताशेजारी मुरतं, हे प्रश्न रांगेच्या व्यवस्थेइतके महत्त्वाचे मानले पाहिजेत. या शहराने घोड्यांची जकात मोजायला माणूस नेमला होता. विहिरी मोजायला नेमला असता, तर पणजी आजही नारळाच्या बागांचं एक खेडं राहिलं असतं.